पेट्रोल अडते कुठे? जुन्या गाडीच्या इंधनपुरवठ्याचे निदान

जुनी गाडी चढावर दम सोडू लागली की गॅरेजमध्ये पहिला पाना कार्बोरेटरला लागतो. झाकण निघते, जेट फुंकले जातात, फ्लोट खालीवर करून पाहिला जातो, मिक्श्चरचा स्क्रू अर्धा-पाऊण आटा फिरतो आणि गाडी मालकाच्या हाती येते. चार दिवस बरी चालते, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. कारण दोष कार्बोरेटरमध्ये नव्हताच. तो टाकीच्या तळाशी होता, गाडीच्या पोटाखालून गेलेल्या नळीत होता, नाहीतर टाकीच्या झाकणात होता. नळ्या काढल्या-घातल्या, त्या धक्क्याने गाळ थोडा हलला आणि चार दिवसांची सवलत मिळाली, इतकेच. इंधनपुरवठ्याचा दोष शोधताना कार्बोरेटर सर्वांत शेवटी उघडावा, आणि तो उघडण्याआधी दोष तिथेच आहे हे चाचणीने सिद्ध झालेले असावे, असे माझे ठाम मत आहे. ते का, हे पुढे मांडतो.

विवेचनाला एक ठरावीक गाडी समोर असलेली बरी, म्हणून प्रीमियर पद्मिनी घेतो. फियाट ११०० च्या आराखड्यावर मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ही १०८९ सीसीची, चार सिलिंडरची गाडी. ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली, पण खासगी मालकांकडे या गाड्या अजून आहेत आणि प्रेमाने चालवल्या जातात. तिच्याविषयी जे म्हणायचे ते कार्बोरेटरवाल्या मारुती ८०० ला आणि जुन्या पेट्रोल जीपलाही बहुतेक तसेच्या तसे लागू पडते.

इंधनाचा रस्ता

टाकी मागे, इंजीन पुढे. टाकीत बुडालेली उचलनळी आणि तिच्या तोंडाशी बारीक जाळी; तिथून गाडीखालून पुढे येणारी धातूची नळी; तिच्या टोकांना रबरी होज; वाटेत फिल्टर; मग इंजिनाच्या अंगाला बसवलेला डायाफ्रामचा पंप, ज्याला आपले मिस्त्री अजूनही ‘एसी पंप’ म्हणतात. पंपाच्या पुढे कार्बोरेटरच्या तोंडाशी नीडल व्हॉल्व्ह, त्याच्या आत फ्लोट चेंबर आणि शेवटी जेट.

या पंपाचे काम नीट समजून घेतले पाहिजे, कारण निम्मे निदान त्यावर उभे आहे. कॅमशाफ्टवरचा तिरका गोल पंपाच्या दांडीला ढकलतो, दांडी डायाफ्राम खाली ओढते आणि पेट्रोल आत येते. कॅमशाफ्ट इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून इंजिनाच्या दोन फेऱ्यांत पंपाचा एक ठोका. डायाफ्राम वर ढकलते ती मात्र स्प्रिंग. म्हणजे पंपाचा दाब स्प्रिंगच्या ताकदीवर ठरतो. इंजीन कितीही पळवले तरी तो दर चौरस सेंटिमीटरला पाव किलोच्या आसपासच राहतो. फ्लोट चेंबर भरले की नीडल बंद होते, पेट्रोलला पुढे वाट उरत नाही, डायाफ्राम खालीच थांबतो आणि दांडी रिकामी हलत राहते. इंजिनाला हवे तेवढेच पेट्रोल जाण्याची ही साधी आणि अतिशय भरवशाची व्यवस्था आहे.

दाबाच्या हिशेबाने या रस्त्याचे तीन तुकडे पडतात. टाकी ते पंप ही ओढणारी बाजू. इथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी. पंप ते नीडल ही ढकलणारी बाजू. इथला दाब हवेपेक्षा जास्त. फ्लोट चेंबर आणि पुढचा भाग मोजून देणारा; चेंबरवर बाहेरच्या हवेइतकाच दाब. प्रत्येक तुकड्यातला दोष त्या त्या दाबाप्रमाणे वागतो. होजला चीर पडली असे म्हटल्याने काहीच कळत नाही. ती पंपाच्या अलीकडे की पलीकडे, यावर सगळे अवलंबून आहे.

आधी करंट तपासा

इंधनाच्या मागे लागण्यापूर्वी ठिणगी निर्दोष आहे याची खात्री हवी. तापल्यावर बिघडणारी कॉइल किंवा कंडेन्सर पेट्रोल तुटल्याचे हुबेहूब सोंग आणतो: गाडी तापली की बंद पडते, अर्धा तास थांबले की चालू होते. यातला फरक गाडी बंद कशी पडली यात असतो. करंट तुटला तर इंजीन एका क्षणात मरते, स्विच बंद केल्यासारखे. पेट्रोल तुटत असेल तर ते आधी झटके देते, अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी उचलत नाही, पाय थोडा सैल केला तर किंचित सावरते, मग पुन्हा ढेपाळते. चालवणाऱ्याला हे विचारल्याशिवाय बॉनेट उघडू नये.

यापेक्षा निर्णायक चाचणी गाडी बंद पडलेल्या जागीच करायची असते. एअर क्लीनर काढा, कार्बोरेटरच्या घशात वरून पाहा आणि हाताने अ‍ॅक्सिलरेटरची दांडी झटक्यात उघडा. अ‍ॅक्सिलरेटर पंपाच्या बारीक तोटीतून पेट्रोलची धार घशात पडताना स्वच्छ दिसते. ती पडली तर चेंबरमध्ये पेट्रोल आहे, मागचा सगळा रस्ता निदान या क्षणापुरता निर्दोष आहे आणि संशय करंटवर किंवा जेटवर जातो. तोटी कोरडी असेल तर पेट्रोल चेंबरपर्यंत पोहोचलेले नाही. या एका नजरेत निम्मी गाडी संशयातून मोकळी होते. गाडी टो करून गॅरेजमध्ये आणली, तोवर ती थंड झाली, चेंबर पुन्हा भरले, की हा पुरावा हातचा गेला. म्हणूनच मालकाने ही चाचणी शिकून घ्यावी. मिस्त्री घाटात हजर नसतो.

मिनिटाचा हिशेब

‘पेट्रोल येतेय ना!’ असे म्हणून गॅरेजमध्ये पुष्कळदा विषय संपवला जातो. होज काढला, सेल्फ मारला, पेट्रोल उडाले, म्हणजे पुरवठा ठीक. ही समजूत चुकीची आहे, आणि का चुकीची आहे ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे.

पद्मिनीसारखे इंजीन आयडलवर तासाला साधारण पाऊण लिटर पेट्रोल खाते, म्हणजे मिनिटाला बारा-तेरा मिलिलिटर. सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेग आणि लिटरला १४ किलोमीटरचे अ‍ॅव्हरेज धरले तर मिनिटाला सुमारे ७० मिलिलिटर लागतात. चार माणसे आणि सामान घेऊन कसारा किंवा खंबाटकी चढताना हाच आकडा १४० च्या घरात जातो. आयडल आणि घाट यांच्या गरजेत दहापटीहून जास्त अंतर आहे.

आता समजा जाळीवर गाळ बसल्यामुळे मिनिटाला ८० मिलिलिटरच पेट्रोल पुढे येते आहे. गॅरेजच्या दारात इंजीन सुरेख चालेल. शहरात काही जाणवणार नाही. हायवेवरही जेमतेम भागेल. घाट लागला की मात्र दर मिनिटाला ६० मिलिलिटरची तूट पडू लागते. फ्लोट चेंबरमध्ये साठा असतो पन्नासेक मिलिलिटरचा, आणि चेंबर पूर्ण रिकामे होण्याच्या आधीच पातळी उतरून मिक्श्चर पातळ पडते. तेव्हा चढाला लागल्यापासून अर्ध्या-पाऊण मिनिटात गाडी झटके देणार. दुसरा गिअर टाकून पाय हलका केला की गरज ८० च्या खाली येते, चेंबर हळूहळू भरते आणि गाडी पुन्हा ओढू लागते. पुढच्या वळणावर पुन्हा तेच.

‘एक मिनिट ठीक, मग झटके, पाय सोडला की बरी’ अशी तक्रार घेऊन कोणी आला तर ती पुरवठा अपुरा असल्याची जवळजवळ सही आहे. झटके येईपर्यंतच्या वेळावरून तूट केवढी हेही अंदाजता येते. वेळ कमी, तर अडथळा मोठा. आठवड्या-आठवड्याने हा वेळ घटत चालला असेल तर काहीतरी साचत आहे: फिल्टर, जाळी, नाहीतर टाकीतला गंज.

याच हिशेबावरून मोजण्याची रीत ठरते. पंपाकडून कार्बोरेटरला जाणारा होज कार्बोरेटरच्या टोकाला सोडवा, त्याला लांब होज जोडून तो बॉनेटच्या पुरता बाहेर, इंजिनापासून दूर ठेवलेल्या मापाच्या कॅनमध्ये सोडा आणि इंजीन आयडलवर चालवा. चेंबरमधल्या साठ्यावर ते दोन-तीन मिनिटे चालते, तेवढा वेळ पुष्कळ झाला. अर्धा मिनिट घड्याळ लावा. आयडलच्या मंद ठोक्यांवरही अर्ध्या मिनिटात शंभर मिलिलिटर सहज यायला हवे. त्याहून कमी आले तर पुरवठा दुबळा समजावा. कमी आलेल्या पेट्रोलाचा प्रवाह कसा आहे हेही पाहा: प्रत्येक ठोक्याला भरदार फुटकारा पण मध्येच फेस आणि बुडबुडे, तर ओढणाऱ्या बाजूने हवा शिरते आहे, बुडबुडे नाहीत पण धार केविलवाणी, तर अडथळा आहे किंवा पंप थकला आहे.

या चाचण्यांपूर्वी एक गोष्ट कळकळीने सांगतो. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांनाही पेट घेण्याइतकी निघत असते, आणि हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेले तरी ठिणगी पुरते. ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि गॅरेजच्या खड्ड्यात साचते. खड्ड्यावर उभ्या गाडीचे पेट्रोल काढू नये. काचेची बाटली वापरू नये. जवळ वाळूची बादली किंवा पावडरचे अग्निशामक असल्याशिवाय होज सोडवू नये. आणि टाकीला भोक पडले म्हणून ती वेल्डिंगला नेणाऱ्याला हात धरून थांबवावे. ‘रिकामी’ टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात.

थांबले की बरे होणारे दुखणे

गाडी बंद पडते, थांबल्यावर आपोआप चालू होते आणि गॅरेजमध्ये काहीच सापडत नाही, हा सर्वांत छळणारा प्रकार. अशा गाडीत एकामागून एक भाग बदलले जातात. इथे लक्षात घ्यायचे ते असे, की कॅमवर चालणारा पंप इंजीन बंद असताना काहीच काम करत नाही. मग थांबल्यावर सुधारले काय? थांबल्यामुळे बदलणाऱ्या गोष्टी थोड्याच आहेत: टाकीतली पोकळी भरते, नळीवरची ओढ संपते, किंवा काहीतरी थंड होते. या तिन्हींची कारणे वेगळी आणि चाचण्याही वेगळ्या.

टाकीतून पेट्रोल निघते तेव्हा त्याच्या जागी हवा आत यावी लागते. झाकणातले बारीक छिद्र धुळीने बुजले, किंवा मूळ झाकण हरवून बिनछिद्राचे दुसरेच बसवले, की टाकीत पोकळी तयार होत जाते आणि पंपाला तिच्याविरुद्ध ओढावे लागते. काही किलोमीटरनंतर पंप हरतो. परीक्षा सोपी: गाडी बंद पडताच, दुसरे काहीही करण्याआधी, झाकण सैल करा. फुस्स आवाज येऊन हवा आत गेली आणि गाडी लगेच चालू झाली तर निदान झाले. वीस-तीस रुपयांच्या रबरी वॉशरपायी किंवा बुजलेल्या छिद्रापायी पंप बदलले जातात, याचे वाईट वाटते.

दुसरे कारण टाकीतला गाळ. पंप ओढत असतो तोवर गंजाचे पापुद्रे, शेवाळासारखा चिकट थर, कधी टाकीत पडलेला कागदाचा कपटा ओढीबरोबर जाळीला चिकटून राहतो. इंजीन बंद झाले की ओढ संपते, कचरा सुटून खाली पडतो आणि रस्ता पुन्हा मोकळा. हा दोष ऋतू पाहत नाही. डिसेंबरच्या पहाटेही येतो. तो सिद्ध करायला पंपाकडची नळी सोडवून ती उलट, टाकीच्या दिशेने हलके फुंकावी. मोकळ्या नळीत टाकीतून बुडबुड्यांचा स्पष्ट आवाज येतो. आधी जोर लावावा लागला आणि मग एकदम मोकळे झाले तर जाळीवर काहीतरी होते. फुंकून गाडी सुधारली म्हणून तसेच पुढे जाऊ नये. कचरा अजून टाकीतच आहे.

तिसरे कारण उष्णतेचे, म्हणजे व्हेपर लॉक. पेट्रोल हा अनेक घटकांचा समूह आहे आणि त्यातले हलके घटक पस्तीस-चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतात. ओढणाऱ्या बाजूला दाब कमी, म्हणून तिथे ते आणखी लवकर उकळतात. मे महिन्यात, सावकाश चढताना, बॉनेटखाली वारा नसताना पंप आणि त्याच्या अलीकडची नळी तापते, पेट्रोलची वाफ होते, आणि द्रव ढकलायला बनवलेला पंप वाफ नुसती दाबत-सोडत बसतो. उंचीमुळे यात भर पडते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३७० मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा जवळपास १५ टक्क्यांनी कमी असतो, म्हणून उकळण्याला तेवढी मोकळीक जास्त. जुने टॅक्सीवाले पंपावर ओले फडके टाकत. त्यामागचे शास्त्र अगदी बरोबर होते. ओले फडके ठेवून पाच मिनिटांत गाडी चालू झाली आणि झाकण उघडून काही फरक पडला नव्हता, तर व्हेपर लॉक समजावे. कायमचा उपाय फडके नव्हे. पंप आणि इंजीन यांच्यामधला उष्णतारोधक जाड गॅस्केट कोणी काढून टाकला आहे का, नळी सायलेन्सरच्या पाइपाजवळून वळवली आहे का, इंजीन मुळातच जास्त तापते का, हे पाहावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ओढणाऱ्या बाजूला अर्धवट अडथळा आहे का ते पाहावे. अडथळा असला की पंपाला जास्त ओढावे लागते, दाब आणखी उतरतो आणि पेट्रोल कमी तापमानाला उकळते. ज्याला आपण उन्हाळ्याचा दोष म्हणतो तो पुष्कळदा तुंबलेल्या फिल्टरचा असतो. पंधरा उन्हाळे ज्या गाडीने घाट बिनतक्रार चढला, तिला सोळाव्या वर्षी व्हेपर लॉक होऊ लागला तर दोष हवामानाला देऊ नये.

ओढणारी बाजू आणि ढकलणारी बाजू

ढकलणाऱ्या बाजूची गळती स्वतःच बोलते: पेट्रोल ठिबकते, वास येतो, डाग पडतो. ओढणाऱ्या बाजूची गळती मुकी असते. तिथे बाहेरच्या हवेचा दाब जास्त, म्हणून पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. जमिनीवर थेंब नाही, वास नाही, आणि गाडी मात्र झटके देते. होजवर हात फिरवून तो कोरडा लागला म्हणून चांगला ठरत नाही. तो वाकवून पाहावा. वाकवल्यावर बारीक भेगा उघडतात. क्लिपखालचा भाग खास पाहावा, कारण वर्षानुवर्षे आवळून रबर तिथेच कापले जाते. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी दहा-बारा सेल्फ मारावे लागत असतील तर बहुधा अशाच फटीतून हवा शिरून नळीतले पेट्रोल टाकीकडे परत गेलेले असते, किंवा पंपाच्या झडपा धरत नसतात.

फट नेमकी शोधण्यापेक्षा रस्त्याचा अर्धा भाग वगळणे सोपे आणि खात्रीचे. पंपाच्या तोंडाची जुनी नळी सोडवून तिथे नवा होज लावा आणि त्याचे दुसरे टोक स्वच्छ पेट्रोलच्या झाकणबंद प्लॅस्टिक कॅनमध्ये बुडवा. आता टाकी, जाळी, लांब नळी, फिल्टर सगळे बाजूला पडले. पुरवठा पुन्हा मोजा. आकडा भरून आला तर दोष पंपाच्या मागे आहे. आला नाही तर पंपात. मग मागच्या भागाचेही असेच अर्धे-अर्धे करत जावे: फिल्टर ठेवून, फिल्टर वगळून. तीन-चार मोजण्यांत दोष एका जोडापर्यंत येतो. भाग बदलून पाहण्यापेक्षा ही रीत स्वस्त आहेच, शिवाय ती कारण सांगते.

मागच्या भागाकडे बोट गेले की टाकीच्या तळचे पाव लिटर पेट्रोल पारदर्शक बरणीत काढून तासभर उन्हापासून दूर स्थिर ठेवा. तळाशी तांबूस भुकटी बसली तर टाकी आतून गंजली आहे. तळाशी वेगळा, किंचित गढूळ थर दिसला आणि बरणी तिरपी केली की तो वरच्या पेट्रोलापासून सुटा सरकला, तर पाणी आहे. कोकणात पावसाळाभर अर्ध्या टाकीवर उभ्या राहिलेल्या गाडीत हे हमखास दिसते. टाकीतली दमट हवा रात्री थंड होते आणि पत्र्यावर दव धरते. वरचे पेट्रोल लालसर-काळपट आणि आंबट, वार्निशसारख्या वासाचे झाले असेल तर ते शिळे आहे, ओतून द्यावे.

पंप दोषी ठरला तर त्याचे दोन प्रकार. डायाफ्राम फाटला की पंपाच्या पोटातल्या छिद्रातून पेट्रोल गळते, किंवा, आणि हे फार वाईट, ते इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलची पातळी वाढलेली आणि वास पेट्रोलचा, तर गाडी तिथेच थांबवावी. पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंगे जातात. दुसरा प्रकार कमी ओळखला जातो. पंपाखालचा गॅस्केट मूळ जाडीपेक्षा जाड बसवला तर पंप कॅमपासून दूर जातो, दांडीची हालचाल घटते आणि नवा कोरा पंपही अपुरे पेट्रोल देतो. पंप नवा घातल्यावर तक्रार वाढली असेल तर आधी गॅस्केट मोजावा. सीएनजी किट बसवलेल्या जुन्या गाडीत पंप आणि कार्बोरेटरच्या मध्ये पेट्रोल तोडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्हही असतो. वर्षानुवर्षे गॅसवर चाललेल्या गाडीत तो अडकतो, आणि डायाफ्राम कोरडा पडून कडक झालेला असतो. अशा गाडीत संशयाची सुरुवातच इथून करावी.

आता कार्बोरेटर

मोजलेला पुरवठा पुरेसा आहे, करंट ठीक आहे, तरी गाडी अडते, तेव्हाच झाकण उघडावे. फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल खुळखुळले तर तो फुटलेला आहे, जड होऊन बुडतो आणि चेंबर उतू जाते. शंका असेल तर गरम पाण्यात बुडवा, छिद्रातून बुडबुडे येतील. नीडलच्या टोकावर गोल खाच पडली असेल तर ती धरत नाही. उतू जाणाऱ्या गाडीची लक्षणे उपाशी गाडीच्या उलट असतात: काळा धूर, पेट्रोलचा वास, ओले काळे प्लग, गरम असताना सेल्फला दाद न देणे. प्लगचा रंग पुरावा म्हणून घ्यायचा तर दोष जाणवत असतानाच इंजीन बंद करून सुरक्षित जागी प्लग काढावेत. घरी येईपर्यंत आयडलवर चाललेल्या इंजिनाचा प्लग घाटाची हकिकत सांगत नाही.

जेट तुंबला तर तो द्रावकात भिजवून हवेने फुंकावा. तार घालू नये, ही विनंती नव्हे, नियम आहे. सोलेक्स घराण्याच्या जेटवर कोरलेला ११५ हा आकडा म्हणजे छिद्राचा व्यास १.१५ मिलिमीटर. पितळ मऊ असते. तारेने ते १.२० झाले तर क्षेत्रफळ नऊ टक्क्यांनी वाढते, आणि तेवढे पेट्रोल आयुष्यभर जास्त जळत राहते. अ‍ॅव्हरेज का पडले हे मग कोणाला कळत नाही.

एक शेजारचा दोष वेगळा ओळखता आला पाहिजे. मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा शिरली तरी मिक्श्चर पातळ होते, पण ते आयडलवर सर्वांत जास्त जाणवते आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की कमी होते. पुरवठ्याची तूट याच्या बरोबर उलट: आयडलवर शांत, ओझ्याखाली उघडी. आयडल आणि चढ, दोन्हींविषयी विचारल्याशिवाय निदान करू नये.

डिझेल जीपमध्ये तर्क हाच, शिक्षा मात्र कडक. पेट्रोलच्या इंजिनाने थोडी हवा सोसली, डिझेलचा इंजेक्शन पंप ती सोसत नाही. बुडबुडा दाबला जातो आणि इंजेक्टर उघडतच नाही. ‘एअर घेतेय’ म्हणून रोज सकाळी हँडपंप मारून एअर काढणे म्हणजे दोष पोसणे. फीड पंपाच्या अलीकडे वीतभर पारदर्शक नळी जोडून बुडबुडे कुठून येतात ते शोधावे. २००० च्या सुमारास आलेल्या एमपीएफआय गाड्यांत पंप विजेवर चालतो आणि बहुधा टाकीतच असतो; तिथे दाब दर चौरस सेंटिमीटरला अडीच-तीन किलो लागतो, म्हणून गेजशिवाय काम सुरूच करू नये, आणि पंप बदलण्याआधी त्याच्या टोकाशी पुरेसे व्होल्टेज पोहोचते का ते मोजावे.

नवे पेट्रोल, जुने रबर

फेब्रुवारी २०२३ मध्ये देशात वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विक्रीला आले आणि २०२५ पर्यंत ते पंपोपंपी पोहोचले. उसाच्या पट्ट्याला त्यातून मिळणारा आधार मी कमी लेखत नाही. पण पद्मिनीच्या पिढीची गाडी या इंधनासाठी बनलेली नाही, आणि तिच्या मालकाने ते ओळखून वागले पाहिजे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात. वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला साधारण १३.५. जेट तोच राहिला तर मिक्श्चर आठेक टक्क्यांनी पातळ पडते. चढावर किंचित अडखळणे, थंडीत जास्त वेळ चोक लागणे ही त्याची लक्षणे असू शकतात, आणि तुंबलेल्या फिल्टरच्या लक्षणांशी त्यांची सहज गफलत होते. म्हणून मोजणे आता पूर्वीपेक्षा जास्त गरजेचे झाले आहे. पुरवठा भरपूर आणि तरी प्लग पांढरे, तर एक नंबर मोठा जेट घालण्याचा विचार करावा. पुरवठाच कमी असेल तर जेटला हात लावू नये.

इथेनॉल जुने रबर फुगवते आणि मऊ करते, कॉर्कचे गॅस्केट सैल करते, टाकीत वर्षानुवर्षे बसलेला थर सोडवून फिल्टरकडे पाठवते. ते पाणीही धरून ठेवते, आणि एका मर्यादेपलीकडे पाणी साचले की इथेनॉल व पाणी एकत्र खाली बसतात, नेमके उचलनळीच्या तोंडाशी. बरणीतला तो सुटा थर आता पावसाळ्याबाहेरही दिसू शकतो.

तेव्हा जुनी गाडी ठेवणाऱ्यांना माझे सांगणे असे. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी होज एकदाच, इथेनॉल सोसणाऱ्या प्रतीचे घालून बदला. पंपाचे डायाफ्राम किटही त्याच प्रतीचे मागा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवा किंवा पूर्ण रिकामी करा, अर्धी ठेवू नका. घरची गाडी निरोगी असतानाच तिचा अर्ध्या मिनिटाचा पुरवठा मोजून वहीत लिहून ठेवा, म्हणजे ती आजारी पडेल तेव्हा तुलनेला आकडा हाताशी असेल. आणि दुरुस्तीनंतर ‘झाले, घेऊन जा’ असे कोणी म्हटले तरी पैसे चुकते करण्याआधी मिस्त्रीला शेजारी बसवा आणि ज्या चढावर, जितक्या ओझ्याने, ज्या वेळी गाडी अडत होती, त्याच चढावर तितक्याच ओझ्याने त्याच वेळी ती चालवून पाहा.